फुटामागं एक सूत

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी लाकूड कापलं
ते लाकूड राहू नये म्हणून.
पॅटर्न करायचा, वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा;
उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं दुसऱ्यानं.
पंप जायचा बेळगावला, हुबळीला.
माझा सागवानी पंप माळ्यावर, उंदरांच्या सोबतीला.

आता रविवारी सकाळी
जोतिरामच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं.
मधोमध स्क्रोल सॉ. पातं एवढं बारीक
की दात वर आहेत का खाली, ते बघायला
राजारामपुरीचे दाताचे डॉक्टर हेरवाडकर लागतात.
"बोटानं छेडा," हुपरीचा आदगोंडा सांगतो,
पैंजणाच्या नक्षीत हयात गेलेला माणूस,
"ढिलं असलं की भुर्र म्हणतंय."
छेडतो. भुर्र.
अर्धा आटा पिळतो. भुर्र.
आणखी जरासा.
टिंग.
चार माना एकदम हलतात.

चहा येईस्तोवर वाद.
चिकटपट्टी नक्षीच्या वर लावायची की खाली,
हळदू बरा की शिवण,
फणसाचा पिवळा रंग टिकतो किती
(माझ्या मते एक उन्हाळा).
आतली नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी,
नाहीतर धरायला हातात काही उरत नाही;
एवढ्यावरच एकमत.

जोतिरामच्या मोरात एकशे बारा भोकं होती.
दर भोकाला पातं सोडायचं, ओवायचं, ताणायचं, टिंग.
एकशे अकराव्याला मान तुटली.
तो काही बोलला नाही.
बाहेर जाऊन लुनाचा आरसा पुसत बसला.

दिवाळीनंतर शमशाद मुलाणी आली.
शनिवार पेठेत ब्लाउज शिवते.
पहिल्यांदा बसली तेव्हा आम्ही चारी बाजूंनी गुरुजी:
दाबू नका ताई, पातं वळवू नका, फळी वळवा,
श्वास सोडा, श्वास धरा.
तिनं चप्पल काढली,
पायानं पॅडल चाचपलं,
आणि आंब्याची फळी अशी फिरवली
जशी सुईखालून गोल गळ्याची पट्टी.
जिथं आमचं पातं हमखास काळा डाग सोडतं
त्या कोपऱ्यावर काहीच नव्हतं.
आदगोंडा मला म्हणाला, "शिकव की आता."

तिनं नातवासाठी कोडं कापलं,
रंकाळ्यातला संध्यामठ, चव्वेचाळीस तुकडे.
पेटी माझ्याकडं. बारा इंच म्हणाली. बाराच घेतले.
तुकडे ठेवले, पेटी हलवली. खडखड.
परत मोजलं माझ्या पट्टीनं, बारा.
मोजलं तिच्या टेपनं, बारा आणि वर एक सूत.

मग आठवलं.
पॅटर्नवाल्याची पट्टी मुद्दाम खोटी असते.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
कारखाना सुटला, पट्टी खिशात राहिली.
त्याच पट्टीनं घराचं फडताळ,
पोरीच्या लग्नातला पाट, देव्हाऱ्याची दारं.
बायको म्हणायची, तुमचं सगळं जरा सैलच.
मी म्हणायचो, बसेल हळूहळू.

सगळ्यांदेखत कबूल केलं.
हेरवाडकर हसले, जोतिराम त्याहून जास्त.
शमशादनं पट्टी टेपला लावून बघितली,
एका टोकाला डोळा, मग दुसऱ्या.
"मामा, आमच्यात याला माया म्हणतात," म्हणाली,
"कापताना ठेवायचीच असते."
आणि पिशवीतून हिरव्या मखमलीचा उरलेला तुकडा काढून
पेटीच्या भिंतींना आतून चिकटवला,
या बाजूला अर्धं सूत, त्या बाजूला अर्धं.

परत हलवली. आवाज नाही.

पुढच्या रविवारी येताना
लक्ष्मीपुरीतून नवी पट्टी आणायची आहे.
गेले सहा रविवार आणायची आहे.